वैलावरची डाळ : मंद आचेवरील स्वयंपाकाचा इतिहास

तुरीची डाळ शिजायला काय काय लागते, हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात विचारून पाहावा. डाळ, पाणी, भांडे, जाळ अशी उत्तरे भराभर येतील. ‘वेळ’ हे उत्तर बहुधा शेवटी येईल. ते आले की पुढचा प्रश्न विचारावा : डाळ तासभर शिजते, तर जाळही तासभर लागतोच का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अन्न शिजायला ठरावीक तापमान आणि ठरावीक वेळ लागतो. जाळ लागतो तो त्या तापमानापर्यंत पोचण्यासाठी आणि नंतर जेवढी उष्णता निसटते तेवढी भरून काढण्यासाठी. उष्णता निसटू दिली नाही, तर जाळाचे काम फार लवकर संपते. उरते ते काम वेळेचे, आणि वेळेला सरपण लागत नाही. ही साधी गोष्ट चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. विज्ञानाने ती गेल्या सव्वादोनशे वर्षांत आकड्यांत मांडली. हा इतिहास आपण यवतमाळ जिल्ह्यातल्या चुलीपासून पाहायला सुरुवात करू.

पऱ्हाटी, गोवरी आणि वैल

यवतमाळ हा कापसाचा आणि तुरीचा जिल्हा. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी घालायची पद्धत इथे जुनी आहे. कापसाची वेचणी संपली की झाडे उपटतात. तीच पऱ्हाटी. तूर बडवून झाली की उरते ती तुराटी. उन्हाळ्यात घराशेजारी, गोठ्याशेजारी, शेताच्या धुऱ्यावर यांचे ढीग रचलेले दिसतात. वर्षभराचे फुकटचे सरपण ते हेच.

पण प्रत्येक सरपणाचा स्वभाव वेगळा असतो. पऱ्हाटीच्या काड्या बारीक. त्या चटकन पेटतात, मोठी ज्वाळा देतात आणि तितक्याच चटकन संपतात. भाकरीला असा जाळ चांगला, पण सारखे समोर बसून काड्या सारत राहावे लागते. गोवरीचे उलटे आहे. ती ज्वाळा कमी देते, पण तासन्‌तास धुमसत राहते. तिच्या अंगावर राखेचा थर चढतो, त्यामुळे आत हवा हळूहळू पोचते आणि ज्वलन संथ होते. म्हणून दूध तापवायच्या गोरसीत गोवऱ्याच घालत. सकाळी ठेवलेले दूध न उकळता, न उतू जाता दुपारपर्यंत तापत राही. त्याला गुलाबी-तपकिरी रंग आणि जाड साय येई. दुधातली साखर आणि प्रथिने यांची उष्णतेत होणारी ही अभिक्रिया. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार याने १९१२ मध्ये अशा अभिक्रियांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव आहे.

रोडगे हे विदर्भातले दुसरे उदाहरण. जाडसर कणकेचे हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवून वरून गरम राख पसरतात. राख उष्णतेची मंदवाहक असते. तिच्यामुळे खालची धग वर निघून जात नाही आणि गोळा बाहेरून न जळता आतपर्यंत भाजला जातो. शेतात रोडग्यांचे जेवण असले की सोबत वांग्याची भाजी आणि वरण हवेच. खर्च म्हणाल तर गहू, तूर, वांगी घरची आणि गोवऱ्या गोठ्यातल्या.

आणि मग वैल. मातीच्या चुलीला बाजूला जोडलेले हे दुसरे तोंड. त्यात वेगळे सरपण घालत नाहीत. मुख्य चुलीतली धग आणि गरम वायू आतल्या भोकातून त्याच्याकडे येतात. भाकरी थापायची वेळ झाली की डाळीचे पातेले चुलीवरून वैलावर सरकवायचे. तिथे ती संथपणे रटरटत राहते. जाळ भाकरीसाठी घातलेला असतो. डाळ शिजते ती उरलेल्या उष्णतेवर. कारखान्यांमध्ये वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरण्यासाठी मोठी यंत्रे बसवतात. वैल हे त्याच तत्त्वाचे घरगुती रूप होय.

हिशेब करून पाहू

पाव किलो डाळ आणि एक लिटर पाणी घेऊ. सुरुवातीचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरू. पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ४.२ × ७५ म्हणजे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. डाळीची थोडी धरून एकूण ३५० किलोज्यूल म्हणू. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे सगळी उष्णता भांड्यात गेली असती, तर २३ ग्रॅम लाकूड पुरले असते. अंगठ्याएवढ्या जाडीची वीतभर काटकी!

प्रत्यक्षात साध्या उघड्या चुलीतली दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्यात पोचते. बाकीची भांड्याभोवतून निघून जाते. त्यामुळे नुसते आधण येईपर्यंत २०० ग्रॅमच्या आसपास लाकूड जळते.

खरा खर्च पुढेच आहे. डाळ खदखदा उकळत ठेवली आणि अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडाले असे समजू. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. अर्ध्या लिटरला झाले १,१३०. त्याच चुलीवर यासाठी ६०० ग्रॅमहून अधिक लाकूड लागेल. म्हणजे आधण आणायला जेवढे सरपण लागले, त्याच्या तिप्पट सरपण आपण वाफेच्या रूपाने छपराकडे पाठवले. यात डाळीचा फायदा काहीच झाला नाही. कारण पाणी मंद उकळो की धडाधडा उकळो, त्याचे तापमान तेच राहते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तिथे ते ९८.५ अंशांच्या जवळपास असते. जाळ वाढवल्याने ते वाढत नाही, वाढते फक्त वाफ.

तोफांचा रम्फर्ड, सुपाचा रम्फर्ड

ही गोष्ट ठासून सांगणारा शास्त्रज्ञ विज्ञानाच्या शिक्षकांच्या परिचयाचा आहे. तोफेची नळी कोरताना निघणारी उष्णता पाहून, उष्णता हा पदार्थ नसून गतीचे रूप आहे, असे १७९८ मध्ये मांडणारा काउंट रम्फर्ड तो हाच. त्याचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन. जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, १७५३ साली. पुढे तो बव्हेरियाच्या राजदरबारी नोकरीत होता. तिथे म्युनिक शहरातल्या भिकाऱ्यांना १७९० मध्ये एका उद्योगगृहात आणून काम आणि जेवण देण्याची योजना त्याने राबवली.

एवढ्या लोकांना रोज जेवू घालायचे तर अन्न स्वस्त हवे आणि सरपणही कमी लागायला हवे. रम्फर्डने जव, वाटाणे, बटाटे, थोडा व्हिनेगर आणि शिळ्या पावाचे तुकडे यांचे सूप ठरवले. ते तासन्‌तास मंद आचेवर शिजवत. त्यासाठी त्याने विटांच्या बंदिस्त चुली बांधल्या, हवा येण्याचे मार्ग आखूड केले आणि भांडी चुलीत खोल बसवली. आचारी विनाकारण खदखदा उकळतात आणि इंधन फुकट घालवतात, ही त्याची कायमची तक्रार होती. एकदा त्याने बटाटे सुकवण्याच्या यंत्रात मांसाचा तुकडा ठेवून पाहिला. काही तासांत तो शिजला नाही म्हणून नाद सोडला. तुकडा रात्रभर तसाच राहिला, आणि सकाळी तो उत्तम शिजलेला, मऊ व चवदार निघाला.

पावाचे तुकडे घालण्यामागचे त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. तुकडे चावावे लागतात, त्यामुळे जेवण जास्त वेळ चालते आणि खाण्याचा आनंद लांबतो, असे तो म्हणे. गरिबाच्या ताटात नुसते पोषण नको, सुखही हवे, हे त्याने हिशेबात धरले होते.

पण याच सुपाने त्याला चकवलेही. थोडेसे जव बराच वेळ शिजवले की सूप दाट होते आणि पोट भरल्यासारखे वाटते. यावरून पाणीच अन्नात रूपांतरित होऊन पोषण देत असावे, असे रम्फर्डला वाटले. आज आपल्याला कळते की दाटपणा येतो तो स्टार्चच्या कणांनी पाणी शोषून फुगल्यामुळे. त्यात ऊर्जा तेवढीच असते, जेवढी घातलेल्या धान्यात होती. ज्वारीच्या कण्या किंवा आंबील यांनाही हाच नियम लागू आहे. मूठभर कण्यांत पाणी वाढवून घरातली चार माणसे जेवतात, त्यांना ऊब मिळते, पोट भरल्यासारखे वाटते, पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या कॅलरी वाढत नाहीत. स्वस्त अन्नाचा विचार करताना ‘पोट भरले’ आणि ‘पोषण झाले’ या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. ज्वारीला डाळीची जोड का हवी, हे इथे वर्गात सांगता येईल.

गवताची पेटी

रम्फर्डने चुलीतून निसटणारी उष्णता अडवली. पुढची पायरी म्हणजे भांडे चुलीवरून उतरवूनच टाकणे. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेनसेन याने असे एक उपकरण मांडले. आतून मंदवाहक अस्तर लावलेली ती पेटी होती. अन्न थोडा वेळ उकळायचे, झाकणासह भांडे पेटीत ठेवायचे आणि पेटी बंद करायची. आतल्या उष्णतेवर ते शिजत राही.

हीच कल्पना पुढे ‘गवताची पेटी’ म्हणून युरोपात घरोघरी पोचली. लाकडी खोक्यात वाळके गवत ठासायचे, मधे भांड्याएवढी जागा ठेवायची, वरून गवताची उशी. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंधन तुटपुंजे झाले, तेव्हा ब्रिटनमध्ये अशा पेट्यांचा मोठा प्रचार झाला. काम करते ते गवत नसून गवतात अडकलेली स्थिर हवा. हवा उष्णतेची अतिशय मंदवाहक आहे, फक्त ती हलता कामा नये. कापूस, लोकर, भुसा, जुनी रजई यांपैकी काहीही चालते.

मंद आचेच्या अन्नाची आणखी एक परंपरा पूर्व युरोपातल्या ज्यू समाजात होती. शनिवारी, म्हणजे सब्बाथच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही हा धार्मिक नियम. मग शुक्रवारी संध्याकाळी कडधान्ये, बटाटे, जव, मांस असे सारे एका भांड्यात घालून ते गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवत. भट्टी विझत आलेली असे, पण तिची धग रात्रभर पुरे. या पदार्थाचे नाव ‘चोलंट’. लिथुआनियातल्या आजीच्या चोलंटची गोष्ट आईकडून ऐकून अमेरिकेतल्या अर्विंग नॅक्सन या संशोधकाने विजेवर चालणारे मंद शिजवणीचे भांडे तयार केले. त्याला १९४० मध्ये पेटंट मिळाले. पुढे त्याचा व्यवसाय रायव्हल कंपनीने विकत घेतला आणि १९७१ मध्ये हे भांडे ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले. सकाळी सारे घालून कामावर जायचे, संध्याकाळी गरम जेवण तयार. नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी त्याचे स्वागत केले.

आपल्याकडे काय झाले?

भारतात असा प्रयत्न त्याआधीच झाला होता. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ‘इकमिक कुकर’ तयार केला. एका उंच नळकांड्यात एकावर एक डबे. त्यांत भात, डाळ, भाजी. तळाशी पाणी आणि खाली कोळशाचा छोटा विस्तव. वाफेवर सारे जेवण एकदमच, हळूहळू शिजे आणि कोणी समोर बसायची गरज नसे. एकट्याने राहणाऱ्या नोकरदारांना तो फार सोयीचा वाटला.

यवतमाळच्या शेजारी, वर्धा नदीपलीकडे, वर्ध्याच्या मगनवाडीत वेगळा विचार चालू होता. तिथल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने १९४० च्या दशकात धूर धुराड्यातून बाहेर नेणारी ‘मगन चूल’ पुढे आणली. केंद्र सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यातल्या अनेक नमुन्यांत दुसऱ्या भांड्यासाठी मागे जागा होती. आपला जुना वैलच तो.

शहरी स्वयंपाकघराने मात्र उलटी वाट धरली. १६७९ मध्ये दनी पापँ याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवलेले दाबाचे भांडे आपल्याकडे १९५९ पासून देशी बनावटीच्या प्रेशर कुकरच्या रूपाने पसरू लागले. कुकरात दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ काही मिनिटांत शिजते. रोज डाळ-भात खाणाऱ्या देशाला हे सोयीचे ठरले, म्हणून विजेचे मंद भांडे आपल्याकडे फारसे रुजले नाही.

ते स्वस्त पडते हाही समज तपासून घ्यावा. २०० वॉटचे भांडे आठ तास चालले, तर १.६ युनिट वीज जाते. आपली पाव किलो डाळ तापवायला लागणारे ३५० किलोज्यूल म्हणजे युनिटचा जेमतेम दहावा हिस्सा. तेव्हा बचत मंद आचेमुळे होत नाही, उष्णता अडवून धरल्यामुळे होते. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचा ‘सराई कुकर’ याच तत्त्वावर आहे. शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या कोळशाच्या सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर त्यात एका कुटुंबाचे जेवण शिजते. विस्तव आणि डबे एकाच आवरणात असल्याने धग बाहेर जात नाही.

चव कुठून येते?

मंद शिजलेल्या अन्नाची चव हा भावनेचा खेळ नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने हळूहळू विरघळते, मग डाळ घोटल्याशिवायही एकजीव होते. ज्वारीतला स्टार्च ७० अंशांच्या आसपास पाणी शोषून फुगतो. मटणातल्या चिवट तंतूंमधले कोलॅजन ७०-८० अंशांवर काही तास राहिले की त्याचे जिलेटिन होते. म्हणून स्वस्तातला, हाडाजवळचा चिवट तुकडा मंद आचेवर मऊ होतो आणि रस्सा अंगचाच दाट होतो. महागडा मऊ भाग घ्यायची गरज राहत नाही. वाफ कमी जात असल्याने मसाल्यांचा वासही भांड्यातच राहतो.

विहिरीचे पाणी दुष्फेन असेल तर डाळ शिजत नाही अशी तक्रार असते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनशी बांधले जातात आणि ते विरघळू देत नाहीत. अशा वेळी जाळ वाढवून उपयोग नाही. डाळ आधी भिजवावी, वेळ वाढवावा.

शाळेत करून पाहा

शाळेच्या आवारात खिचडी शिजतेच, आणि यवतमाळात कापसाला तोटा नाही. एक मोठे खोके किंवा टोपली घ्यावी. तिच्यात जुन्या गादीतला कापूस सर्व बाजूंनी १० सेंटिमीटर जाड भरावा. वरून तेवढ्याच जाडीची उशी करावी. घट्ट झाकणाच्या पातेल्यात डाळ आणि पाणी मिळून दोन किलो घेऊन १५ मिनिटे उकळावे. मग झाकण न उघडता पातेले टोपलीत ठेवावे. तेवढेच दुसरे पातेले बाहेर ठेवावे.

आधी गणित. मोकळ्या कापसाची उष्णतावाहकता सुमारे ०.०४५ एकक (वॉट प्रति मीटर प्रति अंश), पातेल्याचे क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर, फरक ७५ अंशांचा. म्हणजे उष्णता निसटण्याचा वेग ०.०४५ × ०.३ × ७५ ÷ ०.१, साधारण १० वॉट. तासाला ३६ किलोज्यूल. दोन किलो अन्नाचे तापमान एक अंशाने उतरायला सुमारे ८ किलोज्यूल जावे लागतात. तेव्हा तासाला साडेचार अंश. फटी आणि सांधे धरून दुप्पट मानले, तरी तीन तासांनी अन्न ७० अंशांच्या वरच असायला हवे. तीन तासांनी दोन्ही पातेली उघडून तापमापीने मोजावे, डाळ बोटाने चेपून पाहावी आणि उत्तर गणिताशी ताडावे. जुळले नाही तर उष्णता कुठून गेली, हे मुलांनीच शोधावे.

काही काळजी आवश्यक आहे. ६० अंशांखाली अन्न फार वेळ राहिले तर त्यात जंतू वाढतात. म्हणून अन्न टोपलीत रात्रभर ठेवू नये आणि खाण्याआधी पुन्हा उकळावे. राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते मंद उष्णतेने नष्ट होत नाही, त्यासाठी भिजवलेला राजमा किमान दहा मिनिटे चांगला उकळावा लागतो. तसेच कोळशाची शेगडी किंवा गोरसी बंद खोलीत कधीही ठेवू नये. धुमसत्या विस्तवातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो जीव घेतो.

सरपणाची खरी किंमत

फुकटच्या सरपणाचीही किंमत असते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळच्या कपाशीचे मोठे नुकसान केले. पऱ्हाटीवरच्या न फुटलेल्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत राहते आणि पावसाळ्यात नव्या पिकावर येते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ साठवू नका, असे कृषी विभाग सांगतो. मग चुलीत घालायचे काय? उरते ते रानातले लाकूड. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली, त्याआधी १३ माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते. त्या दिवसांत सरपणाची एक मोळी म्हणजे काय, हे तिथल्या गावांना चांगले कळले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसची शेगडी अनेक घरांत पोचली. पण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात, म्हणून शेजारी चूल राहतेच.

गॅस असो वा पऱ्हाटी, नियम एकच आहे. आधण येईपर्यंत जाळ लागतो, त्यानंतर झाकण, कापूस, राख आणि सवड. वाचलेल्या काड्या, वाचलेला धूर आणि चुलीपुढून सुटलेली एक बाई, एवढी या धड्याची मिळकत आहे. टोपलीतली डाळ शिजत असताना तिला कापूस वेचायला जाता येते, मुलीला शाळेत येता येते. आमच्या मते, उष्णतेचा पाठ शिकवताना तोफेच्या नळीबरोबर वैलावरच्या डाळीचेही उदाहरण द्यायला हवे.